बाईंची सेवा

शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. रोगांचा धडा आला की पुस्तकात नसलेलं एक वाक्य मी पदरचं घालायची. कांजण्या म्हणजे देवी नव्हे, तो एक विषाणू आहे, आणि आजारी माणसाच्या अंगात कुणीही येत नसतं. पोरं खुसूखुसू हसायची. दुसऱ्या दिवशी एखादं पोर घरचा निरोप आणायचं की आजी म्हणते, मॅडमना सांग असं बोलू नये. मला त्याची गंमत वाटायची. हल्ली तो धडा मी घाईघाईत उरकते आणि ते वाक्य सोडून देते.

त्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर वर्गातली बाकं एकेक करून रिकामी व्हायला लागली. कांजण्यांची साथ होती. खपल्या पडेपर्यंत पोरांना घरी ठेवा, असे फोन मी पालकांना करत होते. पोरं काय, दोन-चार दिवस कुरकुरतात आणि मग अंगणात हुंदडायला लागतात. मला लहानपणी कांजण्या आलेल्या नव्हत्या, हे त्या धामधुमीत माझ्या डोक्यातही आलं नाही. एका दुपारी कंबर धरली, रात्री सणकून ताप भरला, आणि सकाळी वेणी घालताना मानेवर पाण्याचे फोड हाताला लागले. संध्याकाळपर्यंत टाळूपासून तळव्यापर्यंत जागा उरली नव्हती. तोंडातही आले होते. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं.

मंचरच्या डॉक्टरांनी मला लांबूनच पाहिलं आणि मोठाल्या गोळ्या लिहून दिल्या. मोठ्या माणसाला कांजण्या झाल्या की त्या जास्त हाल करतात, असं त्यांनी सांगितलं. फुप्फुसात उतरल्या तर दवाखाना गाठावा लागतो. मग त्यांनी विचारलं, घरात अजून कोणाला झालेल्या नाहीत? आमच्या ह्यांना कॉलेजात असताना पुण्याच्या हॉस्टेलवर होऊन गेल्या होत्या. लेक शिकायला बाहेर होती आणि तिला लहानपणीच लस दिलेली होती. राहिल्या माझ्या सासूबाई. त्या लहान असताना अख्ख्या वस्तीला कांजण्या आल्या, तेव्हा त्या नेमक्या मामाच्या गावाला होत्या, आणि पुढे जन्मभर त्या आजारानं त्यांना चुकवलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात त्यांना व्हायला नकोत, त्यांनी माझ्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ताप होता, पण डोकं ठिकाणावर होतं.

आमचं घर अवसरी बुद्रुकच्या रानात आहे. शेवटची खोली लेकीची, तिथं माझी गादी टाकली. माझी नणंद निरगुडसरला दिलेली आहे. तिला तिच्या मुलांच्या वेळेला कांजण्या होऊन गेल्या होत्या, म्हणून ह्यांनी तिला बोलावून घेतलं. खोलीतलं सगळं तिनं पाहायचं आणि सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही, असं ठरलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या पद्धतीनं घर हातात घेतलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद झाली, कारण फोडणीचा वास बाईंना सोसत नाही. बाई म्हणजे देवी. खरा देवीचा रोग जगातून कधीच गेला, पण त्याचा सगळा मानपान आमच्याकडे कांजण्यांना मिळतो. ह्यांनी दाढी करायची नाही, मी केस विंचरायचे नाहीत, पाहुण्यानं थेट घरात यायचं नाही. सगळं घर माझ्यामुळं पांढरं वरण आणि दहीभात खाऊ लागलं. आणि त्या दिवसापासून आत्या मला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत, याचं मला तापातही नवल वाटलं.

कारण आत्यांच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. माझं लग्न झाल्यापासून त्या मला मास्तरीण म्हणायच्या, आणि त्यात कौतुक नावाला नसायचं. मास्तरीण उठली का, मास्तरणीला आज भाकरी जमली म्हणायची, मास्तरीणबाई, रानातलं गवत बी शाळंत जातं का वं. टोमॅटोची बांधणी करताना त्या मजूर बायकांच्या एक सरी पुढे असायच्या, आणि वळून बघायच्या ते मी किती मागे पडले तेवढंच बघायला. मीही काही गरीब गाय नाही. एकाला दोन सुनवायची. आमची भांडणं शेजारच्या वस्तीला पाठ होती.

पण एका गोष्टीवर मी कधी भांडले नाही, ती मनात धरून ठेवली. माझ्या आईचं जुन्नरला पोटाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आमच्या टोमॅटोचा पहिला तोडा चालू होता. मी निघते म्हणाले. आत्या क्रेट रचता रचता म्हणाल्या की ऑपरेशन डॉक्टर करणार आहे, तू जाऊन काय करणार, तोडा झाला की जा. ह्यांनी मान खाली घातली. मी गेले तेव्हा आई घरी आली होती आणि भिंतीला धरून चालत होती. ती एवढंच म्हणाली, आलीस का, बरं झालं. तिनं विचारलं असतं, आधी का नाही आलीस, तर मी रडून मोकळी झाले असते. तिनं विचारलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की हे मी आत्यांना कधी विसरू देणार नाही, आणि मग त्यांना कधी बोलूनही दाखवलं नाही.

तर त्या दुपारी मी एकटी पडले होते. नणंद मागच्या बाजूला माझे कपडे उकळत्या पाण्यात घालत होती. हे ठिबकचं सामान आणायला नारायणगावला गेले होते. अंगाची आग होत होती आणि खाजवायचं नाही म्हणून मी दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या. दारात पावलं वाजली. आत्या उंबऱ्याबाहेर बसल्या. दहीभाताची वाटी त्यांनी उंबऱ्याच्या आत सरकवली, डोईवरचा पदर नीट केला आणि हात जोडले. माझ्याकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंला जास्ती तरास देऊ नको."

दुसरं वाक्य मला खूप नंतर आठवलं. त्या क्षणी मी फक्त पहिलं ऐकलं. चुकलंमाकलं. आसंल तर. आसंल तर म्हणे. इतक्या वर्षांत हे शब्द मला हवे होते आणि ते माझ्या माथ्यावरून दुसऱ्याच कुणाला तरी वाहिले जात होते. माझ्या डोक्यात सणक गेली. मी डोळे मिटून घेतले आणि तोंडातल्या फोडांमुळं घोगरा झालेल्या आवाजात म्हणाले, "दारातून हात जोडले म्हणजे सेवा झाली का? आत ये. तूच कर. दुसरी कुणी नको मला."

सासूला मी जन्मात कधी तू म्हटलं नव्हतं. तो तू माझ्या जिभेला गोड लागला, हे मी लपवत नाही. मला वाटलं होतं, त्या घाबरून पळतील आणि मग मला हसू येईल. त्या घाबरल्या खऱ्या. मी पापण्यांच्या फटीतून पाहत होते. त्यांनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत पाऊल टाकलं.

नणंद ओल्या हातांनी धावत आली. तिनं आईचा दंड धरला आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं त्याची आठवण दिली. आत्यांनी दंड सोडवून घेतला. "डॉक्टर मोठा का बाई मोठी? तिनं मला बोलीवलंय. मला," त्या म्हणाल्या. नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी डोळे उघडून एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. आत्या, जा बाहेर, ती नुसती माझी बडबड होती. एवढंच. पण मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी हे आले तेव्हा आत्या माझ्या उशाशी बसून लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होत्या. ह्यांनी आरडाओरडा करून पाहिला. आत्यांनी त्यांना देवीच्या खोलीत आवाज चढवू नको म्हणून सांगितलं. मला हे म्हणाले, तू तरी सांग की तिला. मी म्हणाले, माझं कुठं ऐकतात त्या. खोटं नव्हतं ते, त्यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं. निदान रोजच्या आवाजातलं तरी.

सकाळी ताप उतरल्यावर सांगून टाकू, असं मी ठरवलं. सकाळी आत्यांनी मऊ जुनेराचा तुकडा लिंबाच्या पाण्यात बुडवून माझी पाठ टिपली. इतक्या हलक्या हातानं की मला त्यांचाच हात आहे हे खरं वाटेना. हाच हात सुतळीला हिसडा देऊन गाठ मारतो आणि माझ्या हातातून अर्धवट लाटलेली पोळी काढून घेतो. मी सांगितलं नाही. दुपारी सांगू म्हटलं. दुपारी त्यांनी मला घोट घोट ताक पाजलं आणि ओठ पुसले. लग्न होऊन आल्यापासून मला या घरात कुणी पाणी आणून दिलं नव्हतं. मला ती सेवा आवडायला लागली. चीड कधीच निवली होती, आता नुसता लोभ उरला होता.

आणि आत्या बोलू लागल्या. माझ्याशी नव्हे, बाईंशी. वारा घालता घालता हलक्या आवाजात त्या आपलं सगळं गाऱ्हाणं सांगायच्या. त्यांच्या सासूनं त्यांना बाळंतपणातून उठवून कांद्याच्या लागवडीला कसं नेलं ते सांगितलं. माझ्या सासऱ्यांनी एकदाच त्यांना नारायणगावच्या जत्रेत तमाशा दाखवला आणि मग वर्षभर ते कसं बोलून दाखवलं ते सांगितलं. माझंही गाऱ्हाणं सांगितलं. सून वाईट नाही, पण तोंडाची लई फटकळ हाय, हिच्या जिभंवर जरा साखर ठिव. मी फोड फुटू नयेत म्हणून नव्हे, हसू फुटू नये म्हणून ओठ दाबून पडले होते.

एकदा त्यांचा वारा घालणारा हात थांबला. मला वाटलं पेंगल्या. मग त्या म्हणाल्या, "हिच्या आईच्या आप्रेशनाला मी हिला सोडली न्हाई. तोडा काय, बाया लावून बी झाला आसता. मला भ्या वाटलं. शिकल्याली हाय, पगार हाय. माहेरी चार दिस सुखाचं गेलं तर हितं कशाला परत यील? मागनं माझं पोरगं बी मंचरला खोली घ्यील. हे तिला न्हाई सांगता येत. तुला सांगते."

मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. इतकी वर्षं मी जे उगाळत होते, त्याच्या बुडाशी एवढंच होतं. एका बाईला एकटं पडायची भीती वाटली होती. मी उठून त्यांचे हात धरायला हवे होते. पण उठले असते तर हे आपण सुनेलाच सांगितलं हे त्यांना कळलं असतं, आणि मग त्यांनी मला तोंड दाखवलं नसतं. दुसऱ्याच्या दाराला कान लावून ऐकणाऱ्याला नंतर दार वाजवता येत नाही, तसं माझं झालं. शिवाय खरं सांगायचं तर मला आणखी ऐकायचं होतं. म्हणून त्याही दिवशी मी त्यांना बाहेर जा म्हणाले नाही.

खपल्या धरल्या, पडल्या. आत्यांनी मला लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं नहाण घातलं, हळदकुंकू लावलं, आणि बांधावरच्या देवीला दहीभात आणि नारळ नेऊन बाईंची पाठवणी केली. घरात फोडणी पडली. लसणाच्या वासानं मला भूक लागली. आता सगळं मिटलं, असं मला वाटलं. त्या रात्री आत्या पिठलं वाढताना मला म्हणाल्या, "खा बाई." मास्तरीण म्हणाल्या नाहीत.

पंधरवडा उलटला असेल. टोमॅटोची बांधणी चालू होती. मी शाळेतून येऊन सरीच्या टोकाला उभी होते. आत्या तारेला सुतळी बांधता बांधता थांबल्या, पोलक्याची बाही वर सारली आणि दंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला हाक मारली आणि दंड दाखवला. तीन-चार थेंबासारखे फोड होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. त्या खूश होत्या.

"माझ्याकडं आल्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच व्हतं, त्या मला ईसरायच्या न्हाईत."

मी त्यांना त्याच घटकेला डॉक्टरांकडे न्यायचा हट्ट धरला. त्या म्हणाल्या, बाई आल्यावर लगेच सुया टोचायच्या नसतात. ह्यांनी जवळजवळ उचलून गाडीत घातलं तेव्हा कुठं आल्या. गोळ्या सुरू झाल्या. मला कांजण्या होऊन गेल्या असल्यानं आता मला धोका नव्हता, म्हणून त्यांच्या उशाशी मी बसले. जुनेराचा तोच तुकडा, तीच डहाळी. पण त्यांना सेवा घेता येत नव्हती. मी पाठ टिपायला गेले की त्या म्हणायच्या, राहू दे, तुला शाळेला उशीर होईल. पाणी पाजलं तर डोळे चोरायच्या. दोन दिवसांनी खोकला सुरू झाला. करोनाच्या वेळेला आणलेलं बोटाला लावायचं यंत्र मी कपाटातून काढलं आणि त्यांच्या बोटाला लावलं. त्यावरचा आकडा पाहून मी ह्यांना हाक मारली, तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. कांजण्या फुप्फुसात उतरल्या होत्या. ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, वय आहे, आणि आपण वेळेत आलो एवढंच चांगलं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की आत्यांना हे नेमकं कधी लागलं असेल. ते म्हणाले, अंगावर फोड यायच्या आधीच माणूस दुसऱ्याला देत असतं, एका घरात राहता, कदाचित पहिल्याच दिवशी लागलं असेल, कुणी सांगावं. त्यांनी मला मोकळं करायचा प्रयत्न केला. मी ते विज्ञान पोरांना शिकवते, मला ते ठाऊक आहे. पण पहिल्या दिवशी लागलं होतं की नव्हतं याला काही पुरावा नाही. पुढचे सगळे दिवस त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं, याला मी साक्षीदार आहे.

नणंद निरगुडसरहून आली. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तापात तुमी काय बोलला, ते तुमाला आठवतंय का?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आपला चहा संपवला. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. ती चांगली बाई आहे, म्हणून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना जरा शुद्ध होती. श्वास घेताना त्यांच्या गळ्याखाली खळगा पडत होता. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि तोंडावरचा मास्क बाजूला केला. मी तो परत लावायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. एकेक शब्द वेगळा काढत त्या म्हणाल्या, "तुझ्याकडं आल्या व्हत्या, तुझी त्यांची वळख हाय. ईच्यार त्यांना. माझी सेवा कुटं कमी पडली?"

मी काय करायला हवं होतं, ते मी अजून स्वतःला विचारते. खरं सांगायचं, तर श्वासासाठी झगडणाऱ्या त्या बाईला सांगायचं की तुला कुणीच बोलावलं नव्हतं, एका चिडक्या सुनेनं सूड घेतला आणि तू त्यात सापडलीस. खोटं सांगायचं, तर पुन्हा त्याच आवाजात बोलायचं. देवी कधीच बोलत नाही हे सांगणारी मी, आमच्या घरातली तिची एकमेव जीभ होऊन बसले होते. त्यांची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होती आणि मास्क बाजूला होता. विचार करायला वेळ नव्हता. मी डोळे मिटले.

"सेवा पुरली," मी म्हणाले. "सगळं पोटात घातलं. आता मुकाट्यानं श्वास घे."

त्यांनी मनगट सोडलं. मी मास्क लावला. त्या झोपल्या. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिले.

आत्या वाचल्या. घरी आल्या, पण रान सुटलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाचं जे गेलं ते गेलं. ओट्यावरून गोठ्यापर्यंत जायला त्यांना मध्ये एकदा थांबावं लागतं. चेहऱ्यावर, गालांवर व्रण राहिले. त्यांना त्याचं काही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते व्रण दाखवतात. पावणं, मला बाईनं आपल्या तोंडानं बोलीवलं, दुसरी कुणी नको म्हणाली. ऐकणारे हात जोडतात. जन्मभर लोकांच्या एक सरी पुढे राहिलेल्या बाईला आता मिरवायला एवढंच राहिलंय, आणि ते मी दिलेलं खोटं नाणं आहे. मी चहा घेऊन बाहेर आले की पाहुणे माझ्याकडेही जरा वेगळ्या नजरेनं पाहतात. मी कप ठेवून आत पळते.

आत्या मला आता कधीच बोलत नाहीत. मागे एकदा माझ्या हातून दुधाचं पातेलं उतू गेलं, सगळा ओटा पांढरा झाला. मी तशीच उभी राहिले, म्हटलं आता काहीतरी येईल, मास्तरणीचं ध्यान कुटं असतं म्हणून. त्या हळू हळू फडकं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, राहू दे बाई, मी पुसते. मला धाय मोकलून रडावंसं वाटलं. मी त्यांची सून होते, वाईट का होईना. आता मी त्यांच्या घरातला देव्हारा झाले आहे, आणि देव्हाऱ्याशी कुणी भांडत नाही.

यंदा पहिल्या तोड्याच्या दिवशी मी मुद्दाम सांगितलं की मला जुन्नरला जायचंय, आईला भेटायचंय, चार दिवस राहीन. अंगणात क्रेट लागलेले होते, मजूर बायका आल्या होत्या, माणूस कमी पडत होतं. त्यांनी मला अडवावं, असं मला फार वाटत होतं. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जा की. थांब जरा." भिंतीला धरून त्या उठल्या आणि क्रेटमधली पहिल्या तोड्याची टमाटी एकेक निवडून पिशवीत भरू लागल्या. वाकलं की त्यांच्या छातीतून शीळ वाजते. मी पिशवी घ्यायला गेले तर त्यांनी दिली नाही.

"तुझ्या आईला दे," त्या म्हणाल्या. "आन सांग, त्या वक्ताला मी चुकले. बाईनं मला माफ केलंय. आता तिनं बी करावं."

माझ्यानं राहवलं नाही. मजूर बायका लांब होत्या. मी त्यांच्या समोर जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "आत्या, त्या दिवशी देवी नव्हती. मी बोलले होते. आत ये, तूच कर, ते सगळं मीच. मला तुमचा राग होता. म्हणून तुम्हाला आत बोलावलं. दवाखान्यातसुद्धा मीच बोलले."

बोलता बोलता मला हुंदका आला. आत्यांनी हातातल्या टमाट्याचा देठ खुडला आणि ते पिशवीत ठेवलं.

"मंग तूच बोलणार," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "बाईला का सोताचं तोंड आस्तं? तोंड तुझंच व्हतं. आन राग म्हणशील, तर बाई रागीटच आस्ती."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तोच हात आपल्या कपाळाला लावला. पिशवीला गाठ मारली. मला फाट्यापर्यंत पोचवायला त्या निघाल्या, नको म्हटलं तरी. आमच्या घरापासून फाटा तो किती लांब. पाण्याच्या टाकीपाशी त्या थांबल्या, कठड्याला टेकल्या आणि श्वास जुळवू लागल्या. मी पिशवी धरून शेजारी उभी राहिले. फाट्यावर जुन्नरची जीप आली आणि निघून गेली, तरी त्यांचा श्वास जुळला नव्हता.